उभ्यानं चालवायची गाडी

ट्रायल्सच्या गाडीला बसायची जागा नावापुरतीच असते. टाकीच्या मागं उतरत जाणारा फायबरचा एक तुकडा आणि त्यावर दोन बोटं जाडीची गादी. ही गाडी चालवायची ती फूटरेस्टवर उभं राहून, गुडघे सैल सोडून, ओल्या दगडांच्या ओढ्यातून आणि झाडांच्या उघड्या मुळांवरून, माणूस जपून पावलं टाकेल त्या वेगानं. शर्यत म्हणावी तर पुढं कुणी पळत नसतं, मागं कुणी लागलेलं नसतं. खुणांनी आखलेली एक अवघड वाट असते, तिला सेक्शन म्हणतात. काठावर निरीक्षक उभा असतो. पाय जमिनीला लावायचा नाही, एवढंच. एकदा लागला तर एक गुण, दोनदा लागला तर दोन, त्याहून कितीही वेळा लागला तरी तीन. गाडी थांबली, पडली किंवा वाटेबाहेर गेली तर पाच. हे सगळे दंडाचे गुण. संध्याकाळी ज्याच्या नावावर सर्वांत कमी, तो जिंकला.

मोटारसायकल म्हटलं की वेग, हे आपल्या मनात लहानपणापासून बसलेलं असतं. या खेळानं ते माझ्या मनातून पार पुसून टाकलं. हळू जाण्यासाठी, पडता पडता सावरण्यासाठी एक अख्खं यंत्र रचलेलं असावं, त्याचं वजन, चाकं, गिअर, कार्ब्युरेटर सगळं त्या एका हळुवारपणाच्या मागं लावलेलं असावं, याचा मला दर वेळी नव्यानं आनंद होतो.

मी राहते ते वेस्ट यॉर्कशरमध्ये, एअर नदीच्या खोऱ्यात. घराच्या मागं ग्रिटस्टोनचे काळसर खडक, त्यावर पठार, पठारावर वारा आणि मेंढ्या. जवळच सिल्सडन नावाचं गाव आहे. ट्रायल्सच्या जगात लॅम्पकिन हे आडनाव आदरानं घेतात, ते कुटुंब इथलं. 1975 साली या खेळाची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, ती मार्टिन लॅम्पकिननं जिंकली. त्याचे थोरले भाऊ आर्थर आणि अ‍ॅलन हे त्याच्या आधीच स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल जिंकून बसले होते, आणि मुलगा डगी पुढं मैदानी नि इनडोअर मिळून बारा वेळा जगज्जेता झाला. मार्टिन ज्या गाडीवर जिंकला ती बार्सिलोनाची बुल्टाको शेर्पा. त्यामुळं या खोऱ्यातल्या शेतांवर, लोकरीच्या पोत्यांखाली, मोडक्या गवतकापणी यंत्रांच्या आड एखादी शेर्पा उभी असणं यात नवल काही नाही. माझी तशीच एका कोठारात होती. 1970च्या आसपासची शेर्पा टी, 244 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, पाच गिअर, मागं दोन शॉकअप. टायर मातीसारखे कोरडे पडलेले, चेन गंजून एकसंध कांब झालेली. किक खाली जाईना. शेतकरी म्हणाला, थोरल्या भावाची होती. त्यापुढं तो बोलला नाही आणि मीही विचारलं नाही.

गाडी घरी आणल्यावर कितीतरी दिवस मी तिला पाना लावला नाही. ही शिस्त कोल्हापूरच्या उद्यमनगरातली. बाबांची बुलेट ज्या मिस्त्रींकडे जायची ते मला म्हणायचे, "आदी बघून घे की पोरी, मग पाना लाव." ते गाडी धुण्याआधी तिच्याभोवती फिरायचे, गुडघ्यावर बसून खालून बघायचे. कोरडी धूळ कुठं आहे आणि तेलकट धूळ कुठं, यावरून सील कुठलं गेलंय ते कळतं. केबल कुठं घासते तिथं रंग उडून धातू चमकत असतो. एखाद्या नटाचे कोन गोल झालेले असले की तो कुणीतरी चुकीच्या पान्यानं वारंवार उघडलाय, म्हणजे त्याच्या आत काहीतरी सारखं बिघडत होतं. एकदा गाडी धुतली की हे सगळं मोरीत वाहून जातं. म्हणून मी टॉर्च घेऊन शेर्पापाशी बसले. इंजिनाखालच्या संरक्षक पत्र्यावर समोरून मागं गेलेले लांब ओरखडे होते, ग्रिटस्टोनवर गाडी टेकून पुढं घसरल्याचे. इंजिनाच्या दोन्ही कव्हरांवर अ‍ॅल्युमिनिअमला एक मऊ, खोल चकाकी आलेली होती. कुठल्याही पॉलिशनं ती येत नाही. वर्षानुवर्षं ओल्या बुटांची आतली बाजू तिथं टेकून घासली की येते.

फूटरेस्ट मुळात असायला हवेत त्याहून दोन बोटं मागं होते. चौकटीवर पितळेची झाळ मारून कुणीतरी ते सरकवलेले होते. झाळ सुबक होती, घाईची नव्हती.

बाबांच्या बुलेटचा आणि या स्पॅनिश गाडीचा संबंध मला आधी फक्त पायांना कळला. शेर्पाचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी, अगदी जुन्या बुलेटसारखा. इथले माझ्या वयाचे लोक या उलट्या मांडणीला बिचकतात. माझे पाय आपसूक जागेवर गेले. पुढं वाचत गेले तसं खरं नातं दिसलं. 1948 साली कॉट्सवोल्ड्समधल्या कोलमोर कप ट्रायलमध्ये रॉयल एन्फील्डनं 350 सीसी बुलेटचे नमुने उतरवले. त्यांच्या मागच्या चाकाला स्विंगआर्म होता आणि दोन बाजूंना दोन शॉकअप. तोवर ट्रायल्स खेळणाऱ्यांची पक्की समजूत होती की मागचं चाक चौकटीला ताठ जोडलेलं असेल तरच चिखलात पकड मिळते. बुलेटनं ती समजूत हलवली. जॉनी ब्रिटननं 1952 आणि 1957 साली बुलेटवरच स्कॉटिश सिक्स डेज जिंकली. 1955 पासून ती गाडी मद्रासला तयार होऊ लागली आणि लग्नाच्या वरातींत, दुधाच्या कॅनांखाली, पोलिसांच्या गस्तीत आपल्याकडं मिसळून गेली. कोल्हापुरात दारात उभ्या असलेल्या त्या जड, शांत गाडीच्या अंगात इंग्लंडच्या ओढ्यांची सवय होती, हे तेव्हा घरात कुणाला ठाऊक नव्हतं. बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "म्हणूनच ती पंचगंगेच्या चिखलातनं कधी अडली नाही." 

शेर्पाच्या जन्माची गोष्ट मला या खेळातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. फ्रांसेस्क शावियर बुल्टो हा माँटेसा कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. माँटेसानं शर्यतींतून अंग काढून घ्यायचं ठरवलं तेव्हा तो बाहेर पडला आणि 1958 साली त्यानं बुल्टाको काढली. तिकडं बेलफास्टचा सॅमी मिलर वर्षानुवर्षं एकाच एरियल गाडीवर इंग्लंडमधल्या ट्रायल्स जिंकत होता. 500 सीसीचं फोर-स्ट्रोक, नंबर जीओव्ही 132. त्यानं त्या गाडीचं वजन जिथून शक्य होतं तिथून कमी करत आणलं होतं, भाग तासून, भाग बदलून. 1964 मध्ये तो बार्सिलोनाला गेला. बुल्टोच्या शेतघराभोवतीच्या टेकड्यांवर चालवून बघायचं, संध्याकाळी चौकट बदलायची, सकाळी पुन्हा टेकडीवर, असं करत दोन आठवड्यांच्या आतच शेर्पा टीचा आराखडा उभा राहिला. दुसऱ्याच वर्षी, 1965 च्या मे महिन्यात, मिलरनं तिच्यावर स्कॉटिश सिक्स डेज जिंकली. 1909 पासून चालत आलेल्या त्या स्पर्धेत तोवर ब्रिटिश गाडीखेरीज कुणी जिंकलेलं नव्हतं. जड फोर-स्ट्रोक गाड्यांचा काळ तिथंच ओसरू लागला.

मला यातलं काय भावतं, तर ती गाडी मुळातच जागेवर, दगडावर, एका माणसाच्या उभं राहण्याच्या ढबीवरून घडत गेली. कागदावरचं चित्र आणि टेकडीवरचा पाय यांत तिथं पायाचं ऐकलं गेलं. हे मनात होतं म्हणून पुढं त्या मागं सरकवलेल्या फूटरेस्टशी आले तेव्हा मला माझा निर्णय सापडला.

पण आधी खोलणं. ते माझं सर्वांत आवडतं काम. अ‍ॅल्युमिनिअममध्ये बसलेले पोलादी स्क्रू ओलाव्यात गंजून धातूशी एकजीव होतात. त्यांना जोर लावला की डोकं तुटतं. त्यांना तेल पाजायचं, वाट बघायची, जरा शेकायचं, पुन्हा तेल. हात पुढं जायला बघतो आणि त्याला थांबवायचं असतं. अखेर एखादा स्क्रू 'टक्' करून सुटतो तेव्हा तो आवाज कानाआधी मनगटाला कळतो. प्रत्येक बोल्ट कुठून निघाला ते लिहून वेगळ्या डबीत. मॅग्नेटचं चाक ओढून काढायला त्याच आट्यांचा पुलर लागतो. हातोडीनं ठोकणाऱ्यांनी कित्येक क्रँक वाकवलेत. ते चाक हातात घेतलं आणि मी तशीच उभी राहिले. एवढ्या हलक्या गाडीत एवढं जड चाक! नव्वद किलोंच्या आसपास अख्खी गाडी, आणि त्यातला एवढा भार इंजिनाच्या टोकाला गोल फिरण्यासाठी राखून ठेवलेला. चालीच्या वेगात इंजिनाचे ठोके इतके विरळ होतात की दोन ठोक्यांच्या मध्ये पिस्टनला वर ढकलायला काहीतरी साठवलेलं लागतं. ते या चाकात साठतं. त्याच्यामुळं गाडी दगडाच्या तोंडाशी जवळजवळ थांबते, मरत नाही आणि पुन्हा चढते.

क्रँकच्या बेअरिंगांना गंज चढला होता. केसिंग तापवलं की जुनी बेअरिंग आपल्या वजनानं खाली पडतात. नवी फ्रीजरमध्ये थंड करून ठेवायची आणि गरम घरात सोडायची, ती न ठोकता बसतात. ते बसणं बघावं. सिलिंडर बोअर करायला कीथलीला नेला. हे गाव एकेकाळी लोकर कातायची यंत्रं बनवून जगभर पाठवायचं. त्याच्या एका मागच्या गल्लीत अजून लेथ चालतात. दार उघडलं आणि गरम कूलंटचा, बीडाच्या भुशाचा वास आला; मी क्षणभर उद्यमनगरात होते. लेथवरच्या म्हाताऱ्यानं सिलिंडर उजेडाकडं धरून आत बघितलं, अगदी तसंच, एक डोळा मिटून. नवा पिस्टन, नव्या रिंगा, नवी सील. क्लचच्या प्लेटा नव्या. पॉइंट तेच ठेवले, कंडेन्सर नवा घातला, कारण जुना कंडेन्सर थंड असताना नीट चालतो आणि इंजिन तापलं की दगा देतो. मागचे दोन्ही शॉकअप तेल सोडून रिकामे झाले होते, ते बदलले. पुढच्या फोर्कच्या नळ्यांचा क्रोम फुटला होता. त्या घासून नव्यानं हार्ड क्रोम करून आणल्या. इंजिनाच्या आत, चाकांच्या आत, नळ्यांच्या आत जे काम करतं ते नवं असायलाच हवं, याविषयी माझ्या मनात कधी दुमत नव्हतं. जुनं बेअरिंग जपून कुणाचीच आठवण राहत नाही.

टाकीपाशी मात्र फार दिवस गेले. शेर्पाची टाकी फायबरग्लासची, सीटच्या तुकड्याशी सलग. ज्या काळात ती बनली त्या काळच्या पेट्रोलला ती पुरून उरली. आता ब्रिटनमध्ये सप्टेंबर 2021 पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल जुन्या पॉलिस्टर रेझिनला आतून मऊ करत जातं. तो चिकट राळेसारखा द्रव मग कार्ब्युरेटरमध्ये उतरतो आणि जेट बंद होतात. इथेनॉल हा शब्द माझ्या गावाला परका नाही. गळीत हंगामात साखर कारखान्याच्या मळीचा तो गोड आंबूस वास आमच्या शाळेच्या वर्गात यायचा. आता त्याच उसातून गाडीचं इंधन होतं आणि माझ्या मावसभावांच्या शेताचे पैसे त्यात अडकलेले असतात. तिकडं ते हवं आहे, आणि इथं माझ्या टाकीला ते सोसत नाही. दोन्ही खरं आहे. इथं अ‍ॅल्युमिनिअमची नवी टाकी विकत मिळते, दिसायला अगदी हुबेहूब. मी जुनीच ठेवली. आतून सुकवून, साफ करून इथेनॉल सोसणारं इपॉक्सीचं अस्तर फिरवलं. तडे गेलेत तिथं आतल्या बाजूनं काचेच्या धाग्याचं कापड आणि रेझिन. पेट्रोल कमी इथेनॉलचं, महागडं, आणि चालवून झालं की टाकी रिकामी करायची. वर लाल रंग विटलेला आहे, गुडघे टेकून टेकून दोन्ही बाजूंना तो फिकट गुलाबी झालाय, आणि बुल्टाकोच्या चिन्हातला वर केलेला अंगठा एका बाजूला अर्धाच उरलाय. तो तसाच आहे.

आमच्या क्लबमधले एक ज्येष्ठ सभासद शेड बघायला आले. या गाड्यांवर त्यांचं माझ्याइतकंच प्रेम आहे आणि ज्ञान माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त. त्यांचं म्हणणं, चौकट ब्लास्ट करून कंपनीच्या मूळ रंगात रंगव, कव्हरं नवी दिसतील अशी कर, आणि फूटरेस्ट आधी मूळ जागी आण. कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती तशी एकेक तरी गाडी उरली पाहिजे, नाहीतर पुढच्या पिढीला कशी कळणार? हा मुद्दा हलका नाही. न्यू मिल्टनला सॅमी मिलरनं उभारलेलं संग्रहालय आहे, तिथल्या चकचकीत गाड्यांसमोर मी स्वतः तासन् तास उभी राहिले आहे, आणि त्या तशा जपल्या आहेत म्हणूनच मला माझ्या गाडीतले हरवलेले भाग ओळखता आले.

पण माझ्या शेर्पाचं काम वेगळं आहे, ती पुन्हा ओढ्यात जाणार आहे. त्या फूटरेस्टची जागा कुणीतरी शोधून काढलेली आहे. मागं सरकलं की वजन मागच्या चाकावर येतं आणि ओल्या ग्रिटस्टोनवर पकड वाढते. पुढचं चाक हलकं होऊन दगडावर उचलायला सोपं जातं. हे ज्याला कळलं त्यानं ते याच टेकड्यांवर, पायाखाली अनुभवलं, घरी येऊन चौकट कापली आणि निगुतीनं झाळ मारली. बुल्टो आणि मिलरनं बार्सिलोनाच्या टेकड्यांवर जे केलं तेच त्या माणसानं यॉर्कशरच्या कोठारात पुढं चालवलं. ते खोडून गाडी कारखान्याच्या दारात नेऊन उभी करणं मला अपुरं वाटतं. गाडीचा निम्मा जन्म त्या दारानंतरचा आहे. मी झाळेच्या कडा कानशीनं साफ केल्या, कुठं भेग गेलीय का ते रंगीत द्रव लावून तपासलं, नाही गेलेली. चौकट हातानं घासली, गंज होता तिथं पोलादापर्यंत, रंग टिकून होता तिथं रंगापर्यंत. कव्हरं रॉकेल आणि ब्रशनं धुतली. बुटांची चकाकी धुऊन जात नाही, उलट उजळून निघाली. त्या ज्येष्ठांना मी हे सगळं सांगितलं. त्यांना पटलं नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी मला त्यांच्याकडचं अमाल कार्ब्युरेटरचं जुनं जेट आणून दिलं.

किक डाव्या बाजूला आहे, हे बुलेटच्या उलट, आणि त्याची सवय व्हायला वेळ लागला. पेट्रोलमध्ये तेल मिसळायचं, अमाल कार्ब्युरेटरचा टिकलर बोटावर पेट्रोल येईपर्यंत दाबायचा, आणि किक सबंध खालपर्यंत, मध्येच न सोडता. पहिल्यांदा पेटली तेव्हा शेडमध्ये निळा धूर कोंडला आणि मी दार उघडून तिला बाहेर घेतलं. मंद चालीवर तिचा आवाज मोकळा आणि पोकळ येतो, एकेक ठोका सुटा. स्लो स्क्रू पाव फेरा आत, हवा थोडी बाहेर, पुन्हा ऐकायचं. थ्रॉटल न देता, क्लच नुसता सोडून ती मागच्या उतारावर चढायला लागली. माणसाच्या चालीनं. मी फूटरेस्टवर उभी होते, दोन बोटं मागं, आणि कळत होतं की पुढच्या चाकाला मी हातांनी उचलत नाही, माझं वजन ते करतंय. मागच्या टायरमध्ये हवा चार-पाच पीएसआय एवढीच असते. बुलेटच्या मागच्या टायरला याच्या कितीतरी पट लागते. इतक्या सैल टायरला रिमवर धरून ठेवायला आत वेगळे क्लॅम्प असतात. तो टायर दगडाच्या कडेवर पसरतो, तिला धरतो, आणि पुढं गेला की सुटून पुन्हा गोल होतो. खाली बघून चालवायचं नसतं, तरी मी खाली बघत होते.

1984 च्या आसपास यामाहानं मागं एकच शॉकअप असलेली ट्रायल्सची गाडी बाजारात आणली आणि दोन शॉकअपच्या गाड्या जुन्या ठरल्या. बुल्टाको तर त्याआधीच संपापायी, पैशापायी मोडकळीला आलेली होती. आज इथल्या क्लबांत ट्विनशॉकचा वेगळा वर्ग असतो. त्यात साठी उलटलेले असतात, विशीतलेही असतात, आणि पावसात निरीक्षक म्हणून दिवसभर उभे राहणारे असतात, ज्यांच्याशिवाय हा खेळ एक तासही चालणार नाही.

पुढचा ड्रम ब्रेक अजून मनासारखा धरत नाही. उतारावर दगडाच्या टोकाशी गाडी एका बोटात थांबली पाहिजे, ती दोन बोटांत थांबते आणि जरा सरकते. नव्या लायनिंगचे शू ड्रमच्या गोलाईला पुरते बसलेले नाहीत. ते चाकाच्या मापानं लेथवर कापून घ्यायला हवेत. कीथलीचे म्हातारबुवा म्हणालेत, गुरुवारी आण, ड्रमसकट आण, नुसते शू आणलेस तर हात लावणार नाही. म्हणजे बुधवारी पुढचं चाक काढायचं, गुरुवारी जाऊन यायचं, शुक्रवारी बसवून केबल ताणायची. रविवारी पठाराच्या पलीकडल्या ओढ्यात ट्रायल आहे, आणि तिसरा सेक्शन सरळ खाली उतरतो.